साधन कोणतं वापरता?

"साधन कोणतं वापरता?" समुपदेशक बाईंनी विचारलं आणि मी जराही न अडखळता उत्तर दिलं, "मणी, काड्या, ठोकळे, अक्षरकार्डं. तक्ते तर भरपूर आहेत. बरेचसे मीच बनवलेत."

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या बाईला साधन विचारलं तर ती दुसरं काय सांगणार? शाळा तपासायला साहेब येतात तेव्हा हेच विचारतात, आणि साहेब येणार म्हटलं की आम्ही साधनं आदल्या दिवशी पुसून मांडून ठेवतो. मला वाटलं, बाई माझ्या नोकरीची चौकशी करताहेत. हाताला काम किती पडतं, बोटं कशाकशाला लागतात, हे त्यांना लिहून घ्यायचं असेल. मी आणखी भर घालणार होते, तेवढ्यात शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

"अगं माय, ती ऑपरेशनचं इचारून राहिली," आत्या म्हणाल्या. सासूला मी आत्याच म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे.

मग माझी ट्यूब पेटली. आमच्या भागात नुसतं ऑपरेशन म्हटलं की ते एकच. अपेंडिक्सचं झालं, मुतखड्याचं झालं, तर त्याला त्याचं त्याचं नाव जोडावं लागतं. पण बाई म्हणाली "माझं ऑपरेशन झालंय", तर तिनं लेकरं बंद केली, एवढाच त्याचा अर्थ. लग्नाच्या मांडवात दोन अनोळखी बायका शेजारी बसल्या तर लेकरं किती आणि ऑपरेशन झालं का, हे जेवायच्या आत विचारून होतं. त्यामुळं आत्यांना जे झटकन कळलं ते मला कळलं नाही, याचं त्यांना पुढं कितीतरी दिवस हसू येत होतं. एवढी शिकलेली सून आणि साधन म्हटल्यावर मणी मोजते!

समुपदेशक बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आत्यांना गोड आवाजात बाहेर बसायला सांगितलं.

"माझ्यापुढं काय लपवायचं हाय?" आत्या म्हणाल्या. "सासू नावाला हाय. माय हाय मी तिची."

"खरंय मावशी. पण हे सख्ख्या आईलासुद्धा बाहेर बसवूनच विचारायचं, असा आमचा नियम आहे."

आत्यांनी पिशवी उचलली आणि उठल्या. दार पूर्ण लागेपर्यंत त्या आमच्याकडं बघत होत्या.

नांदेडच्या त्या खासगी दवाखान्यात मी काय करत होते, ते सांगायला हवं. मी चाकूरला राहते. नवरा गेला त्याला तेव्हा सहा वर्षं होत आली होती. लातूर रोडवर मोटारसायकलला ट्रकनं उडवलं, तेव्हा आमची मुलगी अंगणवाडीतसुद्धा जात नव्हती. घरात राहिलो आम्ही तिघी: आत्या, मी आणि ती. नोकरी माझी पक्की होती, आत्यांचा हात कामाला पक्का होता, त्यामुळं रडून झाल्यावर आमचं बरं चाललं होतं. आणि मग माझे हात गेले.

आधी सकाळी बोटं आखडायची. दुपारपर्यंत सुटायची, म्हणून मी दुर्लक्ष केलं. पुढं सांधे सुजले, मनगटं तापली, आणि एक दिवस वर्गात 'क' काढताना खडू हातातून सुटला तो परत धरता येईना. पोरांना वाटलं बाईंनी गंमत केली. ती खदाखदा हसली, मीही हसले, आणि मधल्या सुट्टीत कपाटाआड जाऊन मी मनसोक्त शिव्या दिल्या. लातूरच्या डॉक्टरांनी संधिवात म्हणून सांगितलं. हाडांचा नव्हे, रक्तातला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी माझी वेणी आत्या घालत, साडीच्या निऱ्या आत्या करत, ब्लाउजचे हूक आत्या लावत. फळ्यावर लिहायला मी चौथीतली चुणचुणीत पोरगी बोलावून आणायची. मुख्याध्यापक भला माणूस, पण तोही हल्ली "मॅडम, थोडी रजा टाका की" असं म्हणायला लागला होता. पहिलीच्या बाईला अक्षर काढता येत नसेल तर ती कशाची बाई? मला घरी बसायचं नव्हतं. मी फार चांगली शिक्षिका आहे, हे मी लाजून सांगणार नाही.

आधीच्या औषधांनी फार फरक पडेना, तेव्हा लातूरच्या डॉक्टरांनीच नांदेडचं सांगितलं. तिथं नव्या औषधाचा अभ्यास सुरू होता. निवड झाली तर औषध, तपासण्या, सगळं त्यांच्याकडून. गावात कुणी म्हणालं, माणसांवर प्रयोग करतात. मी म्हटलं, करू द्या, आजवर माझ्यावर लाल तेलाचे, कोरफडीचे आणि शेजारणीच्या जावेच्या लेपाचे प्रयोग झालेच आहेत. हे निदान लिहून तरी घेतात.

तर आत्या बाहेर गेल्या आणि मी समुपदेशक बाईंना सांगितलं, "मी विधवा आहे."

बँकेत, पंचायत समितीत, लग्नाकार्यात, सहा वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं होतं की त्याचा गुण मला पाठ होता. ते उच्चारलं की समोरचा माणूस खाली बघतो आणि पुढचे प्रश्न बंद होतात. या बाई खाली बघेनात.

"ते तुम्ही मघाशी सांगितलंत, मॅडम. नवरा आहे का, असं मी विचारत नाही. दिवस जाऊ शकतात का, असं विचारतेय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "असले प्रश्न तुम्ही पुरुषांना विचारता का?"

"विचारते की. औषध चालू असताना आणि बंद झाल्यावरही काही महिने बायकोला दिवस जाऊ द्यायचे नाहीत, निरोध वापरायचा, हे त्यांच्याकडून कबूल करून घेते. मागं एक आजोबा इतके खूश झाले! म्हणाले, बाई, अजून एवढा भरवसा हाय का माझ्यावर?"

मला हसू आलं, आणि हसल्यावर राग टिकवणं अवघड जातं. मग बाईंनी नीट समजावून सांगितलं. हे औषध पोटातल्या बाळाला काय करील, ते अजून पुरतं कुणालाच माहीत नाही. म्हणून ज्या बाईची पाळी चालू आहे तिनं खात्रीचा उपाय करायचाच. तांबी बसवता येते, गोळ्या आहेत, इंजेक्शन आहे. ऑपरेशन झालेलं असेल तर प्रश्नच मिटला. आणि कुणाशी संबंध येणारच नाही, अभ्यास संपेपर्यंत नाही, असं एखादी बाई ठामपणे सांगत असेल तर तशी नोंद करता येते. लघवीची तपासणी मात्र दर खेपेला, सगळ्यांची.

"तुम्ही आत्ता आठवड्याला एक गोळी घेता ना," त्या म्हणाल्या, "ती पण दिवस असताना चालत नाही. तुम्हाला कुणी बोललं नाही का?"

कुणी बोललं नव्हतं. ज्यांनी ज्यांनी ती गोळी लिहून दिली त्यांनी माझ्या मोकळ्या गळ्याकडं पाहिलं असणार आणि पुढचं आपलं आपण ठरवून टाकलं असणार. हे मनात आलं आणि मघाशी या बाईंचा आलेला सगळा राग दुसरीकडंच वळला. सहा वर्षांत मी बाई आहे, हे गृहीत धरून मला प्रश्न विचारणारी ही पहिलीच व्यक्ती होती. तो प्रश्न लघवीच्या डबीसोबत यावा लागला, ते जाऊ द्या.

आता खरं उत्तर सांगायची वेळ होती, आणि खरं उत्तर माझ्याकडं होतं. एक माणूस होता. भोकरकडचा, माझ्यासारखाच मास्तर, बदली होऊन आमच्या केंद्रात आलेला. बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आजारानं गेलेली, मूलबाळ नाही. शिक्षण परिषदेत माझ्या हातातली फाइल सुटून कागद सांडले, ते त्यानं गोळा करून क्रमानं लावून दिले. दया न दाखवता मदत करणारी माणसं मला लगेच कळतात. वर्षभरानं आम्ही ठरवलं होतं की उन्हाळ्याच्या सुट्टीत नोंदणी करून लग्न करायचं. माझी मुलगी त्याला ओळखत होती आणि त्याच्या गोष्टी ऐकायला टपलेली असायची. आणि आम्हाला दोघांना एक लेकरू हवं होतं. हे सुद्धा आम्ही बोललो होतो, अगदी सरळ, कॅन्टीनच्या कळकट बाकावर बसून. एवढं सगळं ठरलेलं, फक्त आत्यांना सांगायचं राहिलेलं.

म्हणजे मी जर "संबंध येणारच नाही" असं सांगितलं असतं तर ते साफ खोटं ठरलं असतं. अजून काही घडलं नव्हतं, पण उन्हाळ्यानंतरही घडणार नाही असं मी कुणाला लिहून देणार नव्हते. ज्या बाईला कधी ना कधी मूल हवंय तिनं औषधाच्या बाबतीत खोटं बोलावं, एवढी मी वेडी नाही.

"मला घरी बोलावं लागेल," मी म्हणाले.

"बोला. माहितीचे कागद घेऊन जा, वाचा. घाई नाही," बाई म्हणाल्या. "फक्त जे सांगाल ते खरं सांगा."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी आत्या बसल्या. त्यांनी विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी मागं पडू दिलं. मग म्हणाल्या, "काय म्हन्ली ती?"

मी जेवढं नियमाचं होतं तेवढं सांगितलं. दिवस जाऊ नयेत म्हणून काहीतरी उपाय हवा, नाहीतर औषध मिळत नाही.

आत्यांनी ते मनातल्या मनात घोळवलं. लोहा आलं, उतरणारे उतरले, चढणारे चढले. बस निघाल्यावर त्या म्हणाल्या, "मग ऑपरेशन करून टाक की. दोन दिसाचं काम. कुनी परत इचारनार न्हाई, आन् औषध बी सुरू हुईल. आता तुला काय करायचंय?"

आता तुला काय करायचंय! त्यांनी ते वाईट बुद्धीनं म्हटलं नव्हतं. जुनी शिलाई मशीन विकून टाक म्हणावं, इतक्या साधेपणानं म्हटलं होतं. आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. मुलगी झाली तेव्हा लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचं विचारलं होतं. माझा नवरा हो म्हणत होता. तेव्हा याच आत्या दवाखान्याच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. "एक पोरगं हू द्या. मंग करा काय करायचं ते. तवर मी हिच्या अंगाला हात लावू देनार न्हाई." ऑपरेशन झालं नाही, पोरगंही झालं नाही, आणि नवराच गेला. तेव्हा माझी कूस त्यांच्या लेकाच्या वंशासाठी राखून ठेवायची होती. आता लेक नाही, तर ती बंद करून टाकायची होती. दोन्ही वेळा हिशेबात मी नव्हतेच.

मला पोटभर रागवायचं होतं, पण अहमदपूरच्या स्टँडवर त्यांनी पेरू घेतला, पिशवीतल्या सुरीनं कापला, आणि मीठ लावून एकेक फोड माझ्या तोंडात घातली, कारण माझ्या बोटांत फोड धरायची ताकद नव्हती. भरवणाऱ्या माणसाशी भांडायला तोंड रिकामं तर हवं. मी पेरू खाल्ला.

रविवारी सकाळी त्या माझे केस विंचरायला बसल्या. त्या पलंगावर, मी खाली, माझी पाठ त्यांच्याकडं. मुलगी शेजारी खेळायला गेली होती. एकमेकींची तोंडं दिसत नसताना बोलणं सोपं जातं, हे मला फार आधीपासून ठाऊक आहे.

"आत्या, ऑपरेशन मी करणार नाही," मी म्हणाले. "तांबी बसवणार आहे."

"तांबी? ती कशाला? ती तर नवरेवाल्या बाया बसवत्यात."

"मला लग्न करायचंय."

कंगवा थांबला. मी थांबले नाही. थांबले असते तर परत सुरू व्हायला महिना लागला असता. कोण आहे, कुठला आहे, काय करतो, कधी ठरलं, सगळं सांगून टाकलं. लेकरू हवंय हेसुद्धा. हे औषध घेतलं तर हात परत कामाला लागतील, अभ्यास संपला की तांबी काढता येईल, पण ऑपरेशन केलं तर तो रस्ता बंद. "मला बंद करायचं नाही. फक्त थांबवायचंय," मी म्हणाले. आवाज कापला नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

आत्यांनी वेणी घालायला घेतली. पेड इतके आवळले की माझ्या भुवया वर ओढल्या गेल्या.

"पोरीला ठावं हाय?"

"तो ठाऊक आहे. लग्नाचं नाही सांगितलं."

"पितो का?"

"नाही."

"भोकर लई लांब हाय."

"आत्या, तो चाकूरलाच राहतो आता."

वेणी संपली. रबर लावून झालं. मग त्या म्हणाल्या, "आन् माझं काय?"

हा प्रश्न येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि उत्तरही तयार होतं. "तुमचं काय म्हणजे? तुम्ही आमच्यासोबत."

"लोकं थुकतील तोंडावर. लेकाच्या बायकूच्या नवऱ्याच्या घरात ऱ्हायाचं? त्याला नातं काय म्हनायचं?"

"नात्याचं नाव मला सुचत नाही. घर मात्र माझ्या पगारातून चालतं, आणि त्यात तुम्ही राहणार. त्याला हे मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. तो हो म्हणाला म्हणून तर पुढं बोलणं झालं."

आत्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. आतून भाकरी थापल्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा दुप्पट जोरात. मी तशीच बसून राहिले. वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं. त्यांचा एकुलता एक लेक गेला होता, आणि त्याची उरलेली खूण म्हणजे मी आणि माझी मुलगी. मी ऑपरेशन केलं असतं तर मी कुठं जाणार नाही, याची त्यांना खात्री पटली असती. बसमध्ये त्या जे बोलल्या त्यामागं हीच भीती होती, हे मला तेव्हा कळलं. पण भीती त्यांची होती आणि पोट माझं होतं. मला त्यांची कीव आली तरी मी माझं बोलणं मागं घेणार नव्हते.

पुढचे काही दिवस आमच्या घरात कामापुरतं बोलणं झालं. वेणी, निऱ्या, हूक, सगळं वेळेवर व्हायचं, पण मुक्यानं. मुलगी एकदा म्हणाली, "आजीचा घसा बसलाय का?" आत्या म्हणाल्या, "हाव." मधल्या एका दुपारी शाळेतून आले तर माहितीचे कागद पलंगावर पसरलेले आणि आत्या मुलीकडून ते वाचून घेत होत्या. तिसरीतली पोर, 'गर्भनिरोधक' शब्दाशी झगडत होती. मला पाहताच आत्यांनी कागद गोळा केले आणि पोरीला म्हणाल्या, "जोडाक्षरं यायना तुला. मायला मास्तरीन म्हनायचं आन् तुझी ही गत." त्या टोमण्यानं मला इतकं हायसं वाटलं! टोमणा मारतात म्हणजे आत्या ठीक आहेत.

नांदेडला परत जायच्या दिवशी मी प्रवासापुरता पंजाबी ड्रेस घालून एकटी निघायची तयारी केली होती. तिकिटाचे पैसे कंडक्टरला पर्समधून काढून घ्यायला सांगायचं, पाण्याची बाटली कुणाकडून तरी उघडून घ्यायची, एवढं मनाशी ठरवलं होतं. चपलेत पाय घालते तर आत्या दारात, धुतलेलं लुगडं नेसलेल्या, हातात पिशवी.

"तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"बस थांबली की लघवीला जाशील. नाडी कोन सोडनार हाय तुझी? कंडक्टर?"

वाटेत मला वाटत होतं, शेवटच्या क्षणी त्या तिथं काहीतरी बोलतील. डॉक्टरांपुढं रडतील, किंवा हिचं डोकं फिरलंय म्हणून सांगतील. मी मनात उत्तरं जुळवत होते. काही झालं तरी आज माझ्या पोटाचा निर्णय माझ्याच तोंडून जाणार होता. त्याबद्दल मला रतीभर शंका नव्हती.

खोलीत शिरलो. समुपदेशक बाईंनी आत्यांकडं पाहिलं, "मावशी, तुम्ही जरा..."

"राहू द्या त्यांना," मी म्हणाले. "माझी हरकत नाही. त्यांना सगळं माहीत आहे."

बाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. नियमाची बाई होती ती, आणि मला तिचं तेच आवडत होतं. मग मी सरळ सांगितलं. उन्हाळ्यात लग्न आहे. तांबी बसवायची आहे. ऑपरेशन नको, कारण पुढं मूल हवंय. गोळ्या नकोत, कारण आधीच मूठभर गोळ्या गिळते आहे. बाईंनी मान डोलावली, लिहून घेतलं, बायकांच्या डॉक्टरांकडं कधी जायचं ते सांगितलं. तांबी बसली, तपासणी नीट आली, की औषध सुरू. त्यातही मला खरं औषध मिळेल की नुसती दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी, ते ना मला कळणार ना त्यांना, हेही समजावलं. मी म्हटलं, चालेल.

खरी गोळी मिळाली की खोटी, मला अजूनही कुणी सांगितलेलं नाही, अभ्यास चालू आहे. सकाळी मूठ वळते आणि फळ्यावर 'क' निघतो, एवढं खरं. पण त्या दिवशी यातलं काहीच हाती नव्हतं. बाईंनी सही कुठं करायची ते दाखवलं, पेन माझ्याकडं सरकवलं, आणि मी ते दोन्ही हातांच्या बोटांत पकडायला लागले.

"थांब," आत्या म्हणाल्या.

आलं, मी मनात म्हटलं. मी पेन सोडलं नाही.

आत्या माझ्याकडं बघतही नव्हत्या. त्या समुपदेशक बाईंकडं बघत होत्या, खुर्चीच्या कडेवर पुढं सरकून.

"ही तांबी काढता येती ना?"

"येते की मावशी. दोन मिनिटांचं काम."

"आन् काढल्यावर लेकरू हुतं? का आपलं नुसतं सांगायचं म्हनून सांगताव?"

"होतं. अभ्यास संपल्यावर काही महिने थांबायचं, डॉक्टरांना विचारायचं, मग काढायची. पुढं बाकी सगळं ठीक असलं की राहतात दिवस."

"काही म्हैने म्हंजी किती? नीट सांगा बाई, मला हिशेब धरून चालावं लागतंय," आत्या म्हणाल्या. "माझं गुडघं धड हायती तवर झालं पायजे ते. हिचं हात असं. लेकराला न्हाऊ-माखू मलाच घालावं लागंल."

बाई माझ्याकडं पाहू लागल्या. मी सही करायचं सोडून, त्या खुर्चीत बसून, मोठ्यानं रडत होते.